शेवग्याची फांदी ते छापील कापड : रेखाटनातून पॅटर्न कसा बांधायचा

टेक्स्टाइल डिझाइनला पहिल्या वर्षाला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं ड्रॉइंग चांगलंच असतं. फुलं काढता येतात, पानांच्या शिरा येतात, शेडिंगवर तर हात बसलेलाच असतो. तरीही "याचं रिपीट (म्हणजे शेजारी शेजारी कितीही वेळा जोडता येईल असा तुकडा) करून आणा" म्हटलं की दुसऱ्या दिवशी कार्ट्रिज शीटवर एकच फूल ओळीनं उभं राहिलेलं येतं, शाळेच्या प्रार्थनेला उभं केल्यासारखं. फूल सुंदर असतं, पण त्याचा पॅटर्न झालेला नसतो.

याचं कारण साधं आहे. चित्रात डोळा वस्तू बघतो. पॅटर्नमध्ये तो वस्तूंपेक्षा त्यांच्यामधली जागा बघतो, आणि ती जागा पुन्हापुन्हा आली की तिच्यातून तयार होणाऱ्या रेषा बघतो. या रेषा तुम्ही काढलेल्या नसतात, त्या आपोआप तयार होतात. त्यांना ताब्यात ठेवणं हेच या कामातलं खरं कौशल्य, आणि ते शिकायला कागद, कात्री आणि सेलोटेप पुरतात. संगणक नंतर.

उदाहरणासाठी शेवगा घेऊ. सोसायटीच्या आवारात, गावात परसात, भाजीवाल्याकडे, कुठेही मिळतो. शिवाय त्यात लांब, गोल, बारीक आणि कोनदार असे चारही तऱ्हेचे आकार आहेत.

रेखाटनं : चित्र नको, तुकडे हवेत

एका मोठ्या कागदावर अख्खी फांदी रंगवून आणू नका. ए-फोर कागदांवर पंचवीस-तीस छोटी रेखाटनं करा. शेंग अख्खी काढा, मोडलेली काढा, सुकून तडकलेली काढा. शेंग आडवी कापलीत तर चकती गोल नसते, तिला तीन बाजू असतात. वाळलेली शेंग उकललीत तर आतल्या काळपट बीला कागदासारखे पातळ, पांढरट असे तीन पंख असतात. हे बी बहुतेकांनी कधी नीट पाहिलेलंच नसतं, आणि नेमकं तेच पुढे सगळ्यात कामाला येतं. फुलाच्या पाच पाकळ्याही एकसारख्या नसतात, फूल किंचित एका बाजूला कललेलं दिसतं. तो कल रेखाटनात यायलाच हवा. तो सरळ केलात की ते फूल कुठल्याही कपाळावरच्या टिकलीच्या पाकिटावर शोभेल, पण शेवग्याचं राहणार नाही.

तीच गोष्ट तीन साधनांनी काढा: पेन्सिलची नुसती रेघ, ब्रश आणि काळी शाई, आणि रंगीत कागद कापून. कात्रीनं शेडिंग करता येत नाही, त्यामुळे आकार आपोआप सोपा होतो. ज्यांना "सिम्प्लिफाय करा" म्हणजे नेमकं काय करा हे कळत नाही, त्यांनी आठवडाभर फक्त कात्री वापरावी.

पिंटरेस्टवरचं फूल ट्रेस करून सुरुवात करू नका. नैतिकता बाजूला ठेवली तरी तोटा तुमचाच आहे. दुसऱ्यानं आधीच सोपा केलेला आकार तुम्ही आणखी सोपा करता आणि हातात काहीच उरत नाही. ज्यानं शेंग हातात घेऊन पाहिली, त्याच्याकडे आकार बदलायला माहिती असते.

निवड

आता सगळ्या रेखाटनांवर गेटवे ट्रेसिंग शीट ठेवून फक्त बाह्यरेषा घ्या आणि आत काळं भरा. काळ्या छायेतही शेंग शेंग वाटली, पान शेवग्याचंच वाटलं, तर तो आकार पुढे न्या. ओळख पटत नसेल तर आजवर ते चित्र शेडिंगवर तगलं होतं, ते बाजूला ठेवा.

निवडलेल्या आकारांचे तीन गट करा: मुख्य, साथीचे आणि भरणा. शेवग्यात शेंग आणि फुलांचा घोस मुख्य, पानाची डहाळी साथीला, तीन पंखांचं बी आणि सुटी पर्णिका (डहाळीवरचं एकेक छोटं पान) भरण्याला. आकारमानात स्पष्ट फरक ठेवा. सगळं मध्यम आकाराचं असेल तर कापड लांबून करडं दिसतं. नवशिक्यांच्या कामातला हा सगळ्यात नेहमीचा दोष, आणि तो रंग बदलून सुटत नाही.

हे कापड कशाचं होणार, ते आत्ताच ठरवा

रिपीट बांधून झाल्यावर हा प्रश्न विचारला तर सगळं पुन्हा करावं लागतं. पडद्यावर वीतभर शेंग चालते. कुर्तीवर तीच शेंग बाहीच्या शिवणीत अर्धी कापली जाते. साडी असेल तर काठ, अंग आणि पदर ही तीन वेगळी कामं आहेत, आणि एकच रिपीट तिन्हीकडे पसरवलं की साडी ड्रेस मटेरियलसारखी दिसते.

दिशेचाही विचार इथेच करा. सगळ्या शेंगा खालीच लोंबत असतील तर डिझाइन वन-वे झालं. कापणाऱ्याला प्रत्येक तुकडा एकाच दिशेनं ठेवावा लागतो, कापड जास्त लागतं. म्हणून कपड्यांचा धंदा करणारा माणूस पहिला प्रश्न "टू-वे आहे का?" असाच करतो. निम्मे आकार उलटे ठेवले की टू-वे होतं. पण हे सगळ्या विषयांना मानवत नाही: शेंगा उलट्या चालतात, उलटा हत्ती विचित्र दिसतो. पडद्याला वन-वे असलेलं बिघडत नाही.

यानंतर दोन-तीन क्रोकी करा. क्रोकी म्हणजे अजून जोड न जुळवलेला, पण मांडणी, घनता आणि मिजास दाखवणारा कच्चा तुकडा. इथे जागा किती मोकळी ठेवायची ते ठरतं. एक क्रोकी दाट करा, एक विरळ करा, भिंतीवर लावा आणि मग निवडा.

कात्रीनं रिपीट : आधी सरळ

आता मुख्य काम. पातळ कागदाचा १६ × १६ सेंमीचा चौकोन बरोबर काटकोनात कापा. कोपरा एक मिलिमीटर जरी चुकला तरी पुढे प्रत्येक जोडात तो दिसत राहतो, म्हणून गुण्या वापरा, अंदाज नको. मागच्या बाजूला चार कोपऱ्यांत बारीक अक्षरात १, २, ३, ४ लिहून ठेवा.

मुख्य आकार मध्यभागी काढा. कडेला काहीही लागू देऊ नका, चारही बाजूंनी दोन-तीन सेंमी जागा मोकळी ठेवा.

आता चौकोन मधोमध आडवा कापा. वरचा अर्धा खाली आणि खालचा अर्धा वर ठेवा, मागून सेलोटेप लावा. पूर्वी ज्या वरच्या आणि खालच्या कडा होत्या त्या आता मधे एकमेकींना भिडल्या आहेत, आणि तिथे एक रिकामा आडवा पट्टा दिसतो. तो भरा. जोडरेषेवरून बेधडक काढा. पानाची डहाळी रेषेच्या अलीकडून पलीकडे जाऊ द्या. फक्त नव्या वरच्या-खालच्या कडांना हात लावू नका, कारण तिथे मुख्य आकार कापलेला आहे आणि तो पुढच्या तुकड्याला जोडणार आहे.

मग तोच चौकोन उभा कापा. डावा अर्धा उजवीकडे, उजवा डावीकडे, पुन्हा टेप. मधला उभा रिकामा पट्टा भरा. झालं. हा चौकोन शेजारी शेजारी कितीही ठेवा, कुठेही जोड दिसणार नाही. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा मुलं दहा मिनिटं नुसती ते तुकडे सरकवत बसतात. बसू द्यावं.

जोडरेषा लपवायचा उपाय हाच, की त्या रेषेवर आकार घालायचे. जोडाच्या भीतीनं सगळे आकार रेषेच्या आत आवरून ठेवले तर कापडावर मोकळ्या जागांची जाळी उमटते आणि चौकोन मोजता येतात.

हाफ-ड्रॉप

सरळ रिपीटमध्ये एकच शेंग आडव्या ओळीत त्याच उंचीवर येत राहते. हाफ-ड्रॉपमध्ये शेजारचा स्तंभ अर्ध्या उंचीनं खाली सरकतो, म्हणून डोळ्याला ओळ लवकर सापडत नाही. तोच तुकडा दुप्पट रुंदीचा असल्यासारखा वाटतो. छापील कापडात हे रिपीट इतकं का आवडतं ते यावरून कळेल.

कागदावर ते करताना क्रम महत्त्वाचा. आधी आडवा काप, वर-खाली अदलाबदल, पट्टा भरणं, हे सगळं वरच्यासारखंच. त्यानंतर उभा काप. आता उजवा अर्धा डावीकडे नेण्याआधी त्याला मधोमध आडवा कापा आणि त्याचा वरचा तुकडा खाली, खालचा वर करा. मग त्याला डाव्या अर्ध्याच्या डावीकडे चिकटवा आणि मधला उभा जोड भरा. तयार तुकडे मांडताना प्रत्येक पुढचा स्तंभ ८ सेंमी खाली सरकवा. क्रम उलटा केलात तर उजव्या अर्ध्याच्या मधल्या जोडात भगदाड पडतं आणि ते भरायला गेलात की दुसरीकडचा जोड बिघडतो.

ब्रिक रिपीट म्हणजे हेच, पण सरकणं आडवं: ओळ अर्ध्या रुंदीनं बाजूला जाते. बाकी डायमंड, ओजी वगैरे नावं अभ्यासक्रमात येतील. हे दोन हातात बसले की ती अवघड नाहीत.

सोळा झेरॉक्स आणि एक भिंत

तुकड्याच्या सोळा झेरॉक्स काढा, चार बाय चार चिकटवून भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. डोळे बारीक करा. आता शेवगा विसरा आणि फक्त काळं-पांढरं बघा.

बहुधा पुढच्यापैकी काहीतरी दिसेल. शेंगा लांब आणि उभ्या, त्यामुळे एकाखाली एक येऊन उभे पट्टे पडलेले असतील. हाफ-ड्रॉप केलं असेल तर पट्टे मोडतात, पण त्याच शेंगा आता तिरक्या रांगेत जिने चढू लागतात. कुठेतरी पांढरं भोक असेल, आणि ते प्रत्येक तुकड्यात एकाच जागी असल्यानं ठिपक्यांसारखं उठून दिसेल. किंवा एखादा घोस इतका गडद असेल की बाकी सगळं सोडून तोच मोजला जाईल.

पहिली प्रतिक्रिया असते भोकात काहीतरी टाकायची. टाकू नका, निदान लगेच नाही. भोक अनेकदा शेजारचा आकार फार जड असल्यामुळे वाटतं. आधी तो थोडा फिरवा किंवा बारीक करा. शेंगांचे पट्टे मोडायला शेंग वाकवा. खरी शेंग अगदी सरळ नसतेच, जुनी शेंग छान वळते. एका तुकड्यात दोन शेंगा असतील तर दोघींचा कोन वेगळा ठेवा, आणि एकीला डहाळीमागे अर्धी लपवा. भरणा सगळ्यात शेवटी, आणि तोही सगळीकडे सारखा नको. तीन पंखांचं बी चार ठिकाणी गटानं आणि दोन ठिकाणी सुटं टाकलंत तर हात मोकळा वाटतो.

पट्टे पडणं हा नेहमीच दोष नाही. तिरकी चाल मुद्दाम आणता येते. पण मग ती ठाम हवी, चुकून आल्यासारखी नको.

बघून शिकायला आपल्याकडे सामग्री भरपूर आहे. गुळेदगुड्डच्या खणावरची बुट्टी पाहा: मोटिफ बारीकसा, पण दोन बुट्ट्यांमधलं अंतर इतकं नेमकं की चोळी भरलेली वाटते. पैठणीच्या पदरावर बांगडी मोर असतो, त्यात गोलाच्या आतली जागा मोरांइतकीच विचारानं सोडलेली असते. अजिंठ्याच्या १ आणि २ क्रमांकाच्या लेण्यांत गेलात तर सगळे भिंतींकडे बघत असताना तुम्ही छताकडे बघा. तिथे चौकटी आहेत, प्रत्येकीत आकार वेगळा आहे, तरी सगळं छत एकसंध वाटतं. छपाईत विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरचं १८८३ चं 'स्ट्रॉबेरी थीफ' हे कापड जरूर अभ्यासा. स्ट्रॉबेऱ्या चोरणारे पक्षी समोरासमोर आरशासारखे बसवलेले आहेत, पण मागच्या वेली एवढ्या गुंतलेल्या की तुकड्याची कड शोधायला बोट फिरवावं लागतं. ते नीळ डिस्चार्ज करून, म्हणजे निळीत रंगवलेल्या कापडावरचा रंग हवा तिथे उडवून, लाकडी ठशांनी छापलेलं आहे.

मापं यंत्र ठरवतं

सरावाला १६ सेंमी उगाच घेतले नव्हते. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे फिरत फिरत छापणाऱ्या जाळीच्या नळकांड्याचा, सर्वात रूढ घेर ६४ सेंमी असतो. नळकांडं एक फेरी मारतं तेवढ्यात डिझाइन पूर्ण बसायला हवं, म्हणून रिपीटची उंची ६४ ला निःशेष भागणारी लागते: ६४, ३२, २१.३३, १६, १२.८, ८. तुमचं रिपीट २५ सेंमीचं असेल तर कारखाना ते ताणून किंवा दाबून बसवेल, आणि मग गोल फुलं लंबगोल होतील. मोठे घेरही असतात, पण आधी विचारून घ्यावं. आडवी रुंदी तुलनेनं मोकळी असते, तरी कापड ४४ इंची की ५८ इंची ते माहीत हवं. डिजिटल प्रिंटला हे बंधन नाही.

ठशांनी छापायचं असेल तर हिशोब वेगळा. राजस्थानात सांगानेर-बगरूकडे एका डिझाइनचे अनेक ठसे लागतात: रेख बाह्यरेषेला, दत्ता आतल्या भरण्याला, गद जमिनीला, म्हणजे मागच्या पार्श्वभूमीला. ठसा हातात धरून उचलता यायला हवा, म्हणून रिपीट लहान. आणि पर्णिकांच्या केसासारख्या देठी लाकडात टिकत नाहीत, त्या जाड करा. विणकामाला जायचं असेल तर वळण आलेखाच्या चौकटींत पायऱ्यापायऱ्यांनी येतं. ताणा आणि बाणा यांची घनता वेगळी असेल तर चौकटही चौरस राहत नाही, हे विसरलं की मोर बुटका होतो.

रंग

स्क्रीनमध्ये प्रत्येक रंग म्हणजे एक स्क्रीन आणि तेवढा खर्च. सुरुवातीला पाच-सहा रंगांत बसवा. पोस्टर कलरनं सपाट भरा, पाणी-पाणी छटा नकोत. जमिनीचा रंग छापणार असाल तर तोही मोजा.

एका डिझाइनचे निदान तीन कलरवे, म्हणजे वेगवेगळ्या रंगसंगती, करा. एकात शेंग गडद, पान मध्यम, जमीन फिकी असेल तर दुसऱ्यात रंग कोणतेही घ्या, हा गडद-फिक्याचा क्रम आधी तसाच ठेवून बघा. तपासायला मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन रंग फोटोत एकच दिसले तर कापडावरही ते एकमेकांत बुडतील. क्रम मुद्दाम उलटवलात, म्हणजे गडद जमीन आणि फिकी शेंग, तर मोकळ्या जागा पुन्हा तपासा. फिके आकार गडद जमिनीवर थोडे मोठे भासतात.

दोन रंग शेजारी असतील तिथे फिका रंग गडदाखाली अगदी थोडा सरकवून ठेवा. नाहीतर स्क्रीन जरा हलली की मधे पांढरी फट दिसते.

आता संगणक

रेखाटनं ३०० डीपीआयवर स्कॅन करा. ३२ सेंमीचा तुकडा म्हणजे ३७८० पिक्सेल. संख्या सम ठेवा, कारण विषम असेल तर अर्धं सरकवताना एक पिक्सेल इकडेतिकडे होतो आणि छापल्यावर केसाएवढी रेघ येते.

कात्रीनं जे केलं तेच फोटोशॉपमध्ये फिल्टर, अदर, ऑफसेट इथे मिळतं. आडवं १८९०, उभं १८९०, आणि रॅप अराउंड. फी भरून दमलेल्यांसाठी गिम्पमध्येही ऑफसेट आहे. क्रिटामध्ये तर डब्ल्यू दाबलं की काढता काढताच कागद चहूबाजूंनी रिपीट होत दिसतो. सोय छान आहे, पण कात्रीचा सराव झाल्यावरच वापरा. पडद्यावर सगळंच नीटनेटकं दिसतं आणि भिंतीपासून दहा पावलं मागे जाणं राहून जातं. संगणकावर केलेलं रिपीटही प्रिंट काढून खऱ्या मापात बघाच. पडद्यावर वीतभर वाटणारी शेंग कापडावर बोटभर निघते.

हाफ-ड्रॉप फाइल देताना दुप्पट रुंदीचा चौकोनी तुकडा बनवा, ज्यात दुसरा स्तंभ आधीच अर्धा खाली सरकलेला आहे. म्हणजे तो सरळ रिपीटसारखा लागतो आणि समोरच्याला सरकवायची आठवण ठेवावी लागत नाही.

एका रेखाटनातून तीन कापडं

बाजारात एकटं डिझाइन क्वचित विकलं जातं. शेंग-घोसाचं मोठं रिपीट मुख्य. त्याच रेखाटनांतून पानांच्या डहाळ्यांचं दाट, एकरंगी कापड करा, ते सलवारीला किंवा पडद्याच्या अस्तराला जातं. तिसरं, तीन पंखांच्या बीची बारीक बुट्टी, हाफ-ड्रॉपमध्ये विरळ. शेंगेच्या तिकोनी चकत्या रांगेत मांडल्या की काठही तयार. चारही ठिकाणी रंग त्याच पट्टीतले घ्या.

पोर्टफोलिओत प्रत्येक डिझाइनशेजारी मोजपट्टी, रिपीटचं माप, रिपीटचा प्रकार आणि रंगांच्या चकत्या द्या. मुलाखत घेणारे फूल बघायच्या आधी तुकड्याची कड शोधतात. क्रोकी आणि काळ्या छायाही ठेवा, त्यांत तुमचं डोकं कसं चालतं ते दिसतं.

छापायला दिलंत तर पूर्ण थान निघण्याआधी स्ट्राइक-ऑफ, म्हणजे नमुन्याचा तुकडा, मागून घ्या. त्यावर एकाच बीच्या टोकापासून पुढच्या त्याच बीच्या टोकापर्यंत माप घ्या, जोड आडवा आणि उभा दोन्हीकडून बोटानं तपासा, तुकडा एकदा धुऊन वाळवा आणि उन्हात नेऊन तुमच्या रंगवलेल्या कागदाशेजारी धरा. ट्यूबलाइटखाली रंग पास करू नका.